इंग्लंडमध्ये पहिली फुटबॉल मॅच: उभं राहायचं की बसायचं, हे तिकिटाआधी ठरवा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की मला फोन सुरू होतात. कुणाचा भाचा लीड्सला शिकायला आलेला असतो, कुणाची मैत्रीण कंपनीच्या कामानं बर्मिंगहॅमला. प्रश्न ठरलेला: "प्रीमियर लीगची मॅच बघायचीय, तिकीट कुठलं काढू?" मी उलट विचारतो, "दोन तास उभं राहणार का?" पलीकडून हमखास उत्तर येतं, "का? खुर्ची नसते का?"

खुर्ची असते. प्रत्येक तिकिटावर ब्लॉक, रो आणि सीटचा नंबर छापलेला असतो. तरीही काही ब्लॉकमध्ये त्या खुर्चीवर पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत कुणीच बसत नाही. आणि दोन ब्लॉक पलीकडे तुम्ही सलग पाच मिनिटं उभे राहिलात तर मागून हाक येते आणि स्टुअर्ड, म्हणजे प्रेक्षकांची व्यवस्था बघणारा क्लबचा माणूस, येऊन उभा राहतो. मैदान एक, तिकिटाचा दरही कधी कधी तोच. फरक कळतो तो आत गेल्यावर, आणि तेव्हा जागा बदलता येत नाही. म्हणून हा लेख. मी चुकत चुकत शिकलो. तुम्हाला ती किंमत पडू नये.

खुर्च्या आल्या कुठून

तिकिटाकडे वळण्याआधी हे वाचा. इथल्या माणसाशी या विषयावर बोलताना तुम्हाला हे माहीत असणं गरजेचं आहे.

पूर्वी इंग्लंडच्या बहुतेक मैदानांत गोलपोस्टमागे टेरेस असायची. टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे. उतरत्या काँक्रीटच्या पायऱ्या, मध्ये मध्ये लोखंडी कठडे, आणि त्यांवर दाटीवाटीनं उभी माणसं. मी कोल्हापूरचा. मामाचं बोट धरून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच बघत मोठा झालो. त्यामुळे टेरेसचे जुने फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा परकं असं काही वाटलं नाही. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरची 'कॉप' ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. तिचं नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायॉन कॉप टेकडीवरून पडलं. तिथं जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धातली लढाई झाली आणि इंग्रज सैन्याचे बरेच जवान पडले. त्याच लढाईत जखमींना वाहून नेणारं भारतीय पथक मोहनदास गांधींनी उभं केलेलं होतं.

आता १५ एप्रिल १९८९. शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याचं तिकीट असलेल्या १०,१०० लोकांसाठी फक्त ७ टर्नस्टाइल, म्हणजे एकेकाला आत सोडणारी फिरती दारं, होते. बाहेर गर्दी तुंबली. पोलिसांनी एक्झिटचं मोठं गेट उघडलं आणि लोंढा समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन पिंजऱ्यांत शिरला. ते खरोखरच पिंजरे होते: दोन्ही बाजूंना जाळी आणि मैदानाच्या बाजूला उंच कुंपण. कडेच्या पिंजऱ्यांत जागा होती, पण "तिकडे वळा" असं सांगायला बोगद्याच्या तोंडाशी कुणी उभं नव्हतं. ३ वाजून ६ मिनिटांनी मॅच थांबवली. ९७ माणसं गेली. त्यातला शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी, त्याच दिवशीच्या दुखापतींमुळे झाला.

चार दिवसांनी 'द सन' या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर प्रेक्षकांनाच दोषी ठरवलं. ते खोटं होतं. २०१६ मध्ये नव्या चौकशीच्या ज्यूरीनं स्पष्ट म्हटलं की ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचा यात दोष नव्हता. सत्तावीस वर्षं घरच्यांनी ही लढाई लढली. लिव्हरपूलमध्ये आजही कितीतरी जण ते वर्तमानपत्र हातात धरत नाहीत. ॲनफिल्डला गेलात तर बाहेर ९७ नावांचं स्मारक आहे, मॅचआधी तिथं दोन मिनिटं थांबा. आणि स्टँडमध्ये कुणी या मृतांची टिंगल करणारी घोषणा देत असेल तर त्यात कधीही सूर मिसळू नका, अर्थ कळला नसेल तरीसुद्धा. अशा घोषणांबद्दल लोकांना मैदानबंदी झाली आहे, खटलेही झाले आहेत.

या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. मोठ्या मैदानांत फक्त खुर्च्या असाव्यात अशी त्यांनी शिफारस केली आणि ऑगस्ट १९९४ पासून वरच्या दोन डिव्हिजनमध्ये (आजची प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप) टेरेस गेल्या. कॉपवर शेवटचे उभे प्रेक्षक ३० एप्रिल १९९४ ला आले, नॉरिचविरुद्ध, आणि लिव्हरपूल ती मॅच १-० ने हरलं. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. उभं राहणं मुळातच धोकादायक आहे असं टेलर यांनी म्हटलेलं नाही. माणसं मेली ती पिंजरे, कमी टर्नस्टाइल आणि गर्दी सांभाळण्यातल्या चुकांमुळे. लोक सुरुवातीला खुर्चीसमोर उभे राहतील, पण पुढे त्यांना बसायची सवय लागेल, असा टेलर यांचा अंदाज होता. ती सवय सगळ्यांना लागली नाही. आज आपल्याला जे कोडं सोडवायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

पायरी १: आधी स्टँडचा नकाशा, मग तिकीट

क्लबच्या साइटवर तिकिटाचं पान उघडलं की मैदानाचा नकाशा दिसतो. मैदान लांबट असतं, त्याच्या दोन लांब बाजूंना दोन स्टँड आणि दोन गोलपोस्टमागे दोन. ढोबळ नियम असा की गोलमागचा होम स्टँड (यजमान संघाच्या चाहत्यांचा) म्हणजे गाण्याचा आणि उभं राहण्याचा. लांब बाजूचे स्टँड बसून बघण्याचे. अ‍ॅनफिल्डची कॉप, ओल्ड ट्रॅफर्डचा स्ट्रेटफर्ड एंड, व्हिला पार्कचा होल्ट एंड, न्यूकॅसलचा गॅलोगेट, टॉटनहॅमचा १७,५०० लोकांचा साउथ स्टँड ही सगळी गोलमागची ठिकाणं. नकाशावर एखाद्या ब्लॉकवर 'सेफ स्टँडिंग' किंवा 'लायसन्स्ड स्टँडिंग' असं लिहिलेलं असेल तर तिथं रीतसर उभं राहून बघायची सोय आहे. तसं लिहिलेलं नसेल, पण ब्लॉक गोलमागे खालच्या मजल्यावर असेल, तर तिथंही माणसं उभी राहतात असंच धरून चाला.

शंका असेल तर क्लबला सरळ ईमेल करा: "या ब्लॉकमध्ये लोक मॅचभर उभे असतात का? माझ्यासोबत वयस्कर माणूस आहे." तिकीट ऑफिसमधल्या लोकांना हा प्रश्न रोजचा आहे आणि ते खरं उत्तर देतात. मी हा ईमेल केला नव्हता. त्यामुळे काय झालं ते आता सांगतो.

आई पहिल्यांदा इकडं आली तेव्हा मी तिला मॅच दाखवायची ठरवलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास. मी नकाशावर गोलमागची, खालून अकराव्या रोमधली दोन तिकिटं बघितली आणि खूश झालो, केवढ्या जवळून दिसेल! आम्ही वेळेत पोचलो, आई सीटवर बसली, मी तिला शाल दिली. खेळाडू बाहेर आले आणि आमच्या पुढचे दहाच्या दहा रो उभे राहिले. मला वाटलं, आता बसतील. कुणी बसलं नाही. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "आरं, नुसत्या पाठीच दिसाय लागल्यात की." ती उभी राहिली, सीटच्या पाठीला धरून पाच मिनिटं काढली, परत बसली. असं चार-पाचदा. पुढच्या रोमधला एक उंच मुलगा मागं वळला, आईकडं बघितलं, काही न बोलता आपल्या मित्राला ढकलून दोघं अर्ध्या खुर्चीनं सरकले. त्या फटीतून आईला डाव्या बाजूचा कॉर्नर फ्लॅग आणि थोडी पेनल्टी बॉक्स दिसायला लागली. हाफटाइमला मी स्टुअर्डकडं गेलो. बाई भली होती. तिनं वॉकीटॉकीवर विचारलं, पण मैदान भरलेलं होतं, बदलून द्यायला सीट नव्हती. दुसरा हाफ आईनं त्या फटीतून बघितला. चूक क्लबची नव्हती आणि त्या मुलांचीही नव्हती. त्यांनी त्यांच्या जागेवर तेच केलं जे ते दर पंधरा दिवसांनी करतात. आईला चुकीच्या ब्लॉकमध्ये मी नेलं होतं.

पायरी २: तिकीट कुठून काढायचं

हे थोडक्यात. मोठ्या क्लबांचं तिकीट साधारणपणे आधी मेंबरशिप घेतल्यावरच मिळतं. मेंबरशिप घेतली म्हणजे तिकीट नक्की, असंही नाही. मैदानाबाहेर कोपऱ्यावर उभा राहून तिकीट विकणाऱ्याकडून काही घेऊ नका. फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय फिरवून विकणं इथं १९९४ पासून गुन्हा आहे आणि तसं तिकीट गेटवर रद्द झालेलं निघू शकतं. पैसे घालवून पावसात उभं राहावं लागलेली पोरं मी बघितली आहेत. मित्राचं सीझन तिकीट वापरणार असाल तर त्याला क्लबच्या अ‍ॅपवरून ते रीतसर तुमच्या नावावर पाठवायला सांगा, आणि "तू कुठल्या ब्लॉकमध्ये असतोस, उभा असतोस का?" हेही तेव्हाच विचारा.

पायरी ३: रेल सीट ओळखा

उभं राहून बघायची हौस असेल, आणि ती असावी असं मला मनापासून वाटतं, तर रेल सीटचा, म्हणजे समोर कठडा असलेल्या घडीच्या खुर्च्यांचा, ब्लॉक निवडा. स्कॉटलंडला इंग्लंडचा तो खुर्च्यांच्या सक्तीचा कायदा लागू नव्हता, त्यामुळे सेल्टिकनं २०१६ मध्येच अशा सीट बसवल्या. इंग्लंडमध्ये २०१८ साली श्रूजबरी टाउन या छोट्या क्लबनं सुरुवात केली, तीही चाहत्यांनी वर्गणी काढून. वरच्या दोन डिव्हिजनसाठी सरकारनं जानेवारी २०२२ मध्ये प्रयोग सुरू केला. चेल्सी, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड, टॉटनहॅम आणि कार्डिफ हे त्यातले पहिले पाच क्लब. २ जानेवारीला चेल्सी विरुद्ध लिव्हरपूल ही वरच्या डिव्हिजनमधली जवळपास तीन दशकांतली पहिली अशी मॅच, जिथं माणसं परवानगीनं उभी होती. २०२२-२३ च्या सीझनपासून अटी पाळणाऱ्या कुठल्याही क्लबला ही मुभा मिळाली.

रेल सीट जवळून बघा. फळी उचलून सोडली की खटकन पाठीला चिकटते. पुढच्या रोच्या पाठीमागून वर आलेला लोखंडी कठडा तुमच्या कमरेच्या आसपास येतो आणि तो सबंध रोभर सलग असतो. जानेवारीत हातमोजे नसतील तर त्या लोखंडावर दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. गोल झाला की मागचा माणूस तुमच्या पाठीवर आपटतो, तुम्ही पुढं जाता, कठडा पोटाला टेकतो आणि तुम्ही तिथंच थांबता. हेच साध्या सीटसमोर झालं तर पुढच्या खुर्चीची पाठ तुमच्या गुडघ्याखाली असते. तोल गेला की नडगी सोलून निघते आणि तुम्ही पुढच्या रोवर कोसळता, तो त्याच्या पुढच्यावर. उंच, तीव्र उताराच्या वरच्या मजल्यावर हे किती वाईट होऊ शकतं याचा विचार करा. सेफ स्टँडिंगमधलं 'सेफ' येतं ते या कठड्यातून.

अट मात्र अशी की एका सीटमागे एकच माणूस. जुन्या टेरेससारखं "सरका जरा, अजून दोघं मावतील" इथं चालत नाही. मित्र पलीकडच्या ब्लॉकमध्ये असला तर हाफटाइमला खाली कॉनकोर्सवर (स्टँडखालच्या मोकळ्या जागेत) भेटा, त्याला आपल्या सीटसमोर घुसवू नका. या ब्लॉकमध्ये बसायलाही पूर्ण मोकळीक आहे, फळी कुलूपबंद नसते. पण पुढचा उभा असताना बसून काही दिसणार नाही हे उघड आहे.

उंची कमी असेल तर एक युक्ती सांगतो. सगळ्यात पुढचे चार-पाच रो टाळा. तिथून खेळ सपाट दिसतो, जाहिरातींच्या पाट्या मध्ये येतात आणि बऱ्याच मैदानांत छप्पर तिथपर्यंत पोचत नसल्यामुळे पाऊस थेट अंगावर येतो. ब्लॉकच्या मध्यापासून वर, जिन्यालगतची सीट मिळाली तर निदान एका बाजूनं मोकळं दिसतं.

पायरी ४: साध्या सीटच्या ब्लॉकमध्ये कसं वागायचं

इथला नियम नीट समजून घ्या, कारण यावरून सगळ्यात जास्त गैरसमज होतात. बसायच्या जागेत उभं राहणं हा फौजदारी गुन्हा नाही. पण ग्राउंड रेग्युलेशन म्हणून जी नियमावली तिकिटासोबत तुम्ही मान्य करता, तिच्यात खेळ सुरू असताना बसायच्या जागेत सतत उभं राहायला मनाई आहे आणि त्यावरून तुम्हाला बाहेर काढता येतं. कायदा क्लबला बांधतो, क्लब तुम्हाला. मैदानाचं लायसन क्लबच्या गळ्याशी असल्यामुळे स्टुअर्ड एवढा मागे लागतो. तो तुमचा शत्रू नाही. बहुतेकदा तो जवळच्या मोहल्ल्यातला, शनिवारी चार पैसे मिळवायला आलेला कॉलेजचा मुलगा किंवा निवृत्त माणूस असतो.

नियमातला कळीचा शब्द 'सतत' हा आहे. लांब बाजूच्या स्टँडमध्ये बसण्या-उठण्याची एक लय असते आणि ती दोन मॅचमध्ये अंगवळणी पडते. विंगर बॉल घेऊन बॉक्सकडं निघाला की स्टँडभर खुर्च्यांचा खडखडाट होतो, सगळे उठतात. शॉट बाहेर गेला की "उहूं" करून सगळे बसतात. कॉर्नर मिळाला की काही उठतात, काही नाही. गोलला अर्थातच सगळे, आणि मग चांगलं मिनिटभर कुणी बसत नाही. या लयीबरोबर उठा आणि या लयीबरोबर बसा. सगळे बसल्यावर आपण फोन वर धरून व्हिडिओ काढत उभे राहिलो तर मागून जी हाक येते ती वानखेडेवरच्या "ए पुढचे, बसा की!" पेक्षा वेगळी नसते, फक्त भाषा इंग्रजी.

घोषणा देताना "जे अमक्याचे चाहते आहेत त्यांनी उभं राहावं" अशा अर्थाची एक चाल सगळ्या मैदानांत ऐकू येते. ती सुरू झाली की बसायच्या ब्लॉकमधलेही उठतात. अर्धा मिनिट उभं राहा, टाळ्या वाजवा, चाल संपली की बसा. स्टुअर्ड त्याला काही म्हणत नाही.

आणि समजा तुम्ही बसायचं म्हणून तिकीट घेतलं आणि पुढचा एकटाच उभा आहे? आधी माणसासारखं सांगा: "भाऊ, मागं दिसत नाही, बसतोस का?" मी अनेकदा सांगितलंय, दहापैकी नऊ जण "सॉरी मेट" म्हणून लगेच बसतात. दहावा बसला नाही तर वाद घालू नका, जिन्यावरच्या स्टुअर्डला खूण करा. त्याउलट सगळा ब्लॉकच उभा असेल तर एकट्याला सांगण्यात अर्थ नाही. तिथं हाफटाइमची वाट न बघता खाली जाऊन मुख्य स्टुअर्डला जागा बदलून मागा. मैदान भरलेलं नसेल तर ते देतात. जितक्या लवकर मागाल तितकी शक्यता जास्त.

मला विचाराल तर मी उभं राहणाऱ्यांच्या बाजूचा आहे. नव्वद मिनिटं घशातून आवाज काढायचा तर पोट मोकळं लागतं, आणि खुर्चीत बसून मनापासून ओरडता येत नाही हे माझं अनुभवाचं मत. पण बसायच्या ब्लॉकमध्ये उभं राहणारा माणूस आपल्या मजेचे पैसे मागच्याकडून घेतो. मागच्या रोमध्ये सहा वर्षांची मुलगी असेल, काठी घेतलेले आजोबा असतील, त्यांनीही तिकीट काढलंय. हौस असेल त्यानं रेल सीटला जावं. आता ती सोय झाली आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं राहायला काही कारण उरलेलं नाही.

पायरी ५: अवे एंडला पहिल्याच मॅचला जाऊ नका

पाहुण्या संघाच्या चाहत्यांना वेगळा कोपरा असतो. प्रीमियर लीगमध्ये त्यांना ३,००० तिकिटं किंवा मैदानाच्या १० टक्के, यातला कमी आकडा मिळतो, आणि २०१६-१७ पासून त्यांचं तिकीट ३० पौंडांच्या वर जात नाही. तिथं सगळे उभे असतात, सगळे गातात, सीट नंबर बऱ्याचदा नावालाच. त्या कोपऱ्यातला माहोल जबरदस्त असतो हे खरं. पण ती तिकिटं वर्षानुवर्षं क्लबच्या मागे फिरणाऱ्यांना आधी मिळतात, आणि आपण अजून गाण्यांचे शब्दही शिकलेलो नसतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाहुण्या संघाचे चाहते असून होम स्टँडचं तिकीट काढलंत तर तिकडचा टी-शर्ट, मफलर काही घालू नका आणि गोल झाला तर उडी मारू नका. भारतात वाढलेल्या आपल्याला हे विचित्र वाटतं. पण इथं त्यावरून तुम्हाला बाहेर काढतात, आणि तेही तुमच्याच भल्यासाठी.

बिअर घेऊन सीटवर जायचं नाही हेही लक्षात ठेवा. १९८५ च्या कायद्यानुसार मैदान दिसेल अशा जागी दारू पिणं मना आहे. कॉनकोर्सवर प्या, ग्लास तिथंच ठेवा, मग वर या. मैदानात उतरणं, काही फेकणं आणि वर्णद्वेषी घोषणा हे १९९१ पासून सरळ गुन्हे आहेत. फ्लेअर (पेटवायची धुराची नळकांडी) किंवा फटाका खिशात सापडला तरी गुन्हाच.

पायरी ६: मुलं आणि आई-वडील सोबत असतील तर

बहुतेक क्लबांचा फॅमिली स्टँड असतो, मुलं बरोबर असल्यावरच तिथलं तिकीट मिळतं, आणि तिथं लोक खरोखर बसतात. मुलाला दिसत नाही म्हणून खुर्चीवर उभं करू नका. फळी घडीची असते, पाय मागं गेला की ती बंद होते आणि पोर तोंडावर पडतं. व्हीलचेअर असेल किंवा फार चालता येत नसेल तर तिकीट काढण्याआधीच क्लबच्या डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस ऑफिसरला लिहा. सोबत येणाऱ्या मदतनीसाचं तिकीट बरेच क्लब फुकट देतात. फक्त तिथून पुढच्या रोमधले उभे राहिले तर दिसतं का, हे स्पष्ट विचारा. नव्या मैदानांत ही जागा उंचावर केलेली असते, जुन्यांत नेहमीच नाही.

जुन्या मैदानात खांबही बघा. क्रिस्टल पॅलेसचं सेलहर्स्ट पार्क, फुलहॅमचं क्रेव्हन कॉटेज इथं छताचे खांब अजून उभे आहेत. नकाशावर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर ते खरं माना.

टेरेस अजून जिवंत आहे

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. खुर्च्यांची सक्ती वरच्या दोन डिव्हिजनची. लीग वन, लीग टू (तिसरी आणि चौथी डिव्हिजन) आणि त्याखालच्या शेकडो क्लबांमध्ये खरी टेरेस आजही आहे. एक्सेटर सिटीच्या सेंट जेम्स पार्कवरची 'बिग बँक' त्यातली मोठी आणि माझी आवडती. सीट नंबर नाही, आधी येईल त्याला हवी ती पायरी. तिथं कुठं उभं राहायचं याची एक साधी रीत आहे: लोखंडी कठड्याच्या पुढे, त्याला पाठ लावून उभे राहा, म्हणजे मागून आलेला रेटा कठडा अडवतो. गर्दी असेल तर कठड्याच्या लगेच मागे उभे राहू नका. गर्दी पुढे सरकली तर तुम्ही कठड्यावर दाबले जाता. अजून खालच्या लीगमध्ये तर हाफटाइमला लोक चहाचा कप हातात घेऊन चालत दुसऱ्या टोकाला जातात, आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या मागे. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला मामाची आठवण आली.

पुढच्या वेळी आई आली तेव्हा मी आधी ईमेल केला. लांब बाजूच्या स्टँडमध्ये, मध्यरेषेपासून थोडं डावीकडे, जिन्यालगतच्या दोन सीट घेतल्या. जिने कमी चढावे लागावेत म्हणून खालचा मजला, पण पाऊस लागू नये म्हणून विसाव्या रोच्या मागे. शेजारी चेक्सची टोपी घातलेले एक आजोबा होते, त्यांनी आईला खिशातली पेपरमिंटची गोळी दिली. अख्ख्या मॅचमध्ये आई तीनदा उठली. दोनदा गोलला, आणि एकदा आजोबांना बाथरूमला जायला वाट द्यायला.